मुंबई-गोवा महामार्ग: वेळ कुठे जातो, माल कसा जातो

प्रश्न असा आहे: मुंबई-गोवा रस्त्याला किनारपट्टीचा महामार्ग म्हणतात, पण पनवेलपासून बांद्यापर्यंत समुद्र कुठेच दिसत नाही. मग प्रवासाला आणि व्यापाराला या रस्त्याचा नेमका उपयोग कसा होतो? चौपदरी होऊनही वेळेचा अंदाज का चुकतो? आणि आंबा, मासळी असा नाशवंत माल पाठवणाऱ्याने काय काय पाहावे?

समुद्र का दिसत नाही, तिथूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे तिथूनच निघतात.

राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलजवळ पळस्पे फाट्याला सुरू होतो आणि गोवा, कर्नाटक, केरळ करत कन्याकुमारीला संपतो. एकूण लांबी साधारण १,६०० किमी. २०१० मध्ये देशभरातल्या महामार्गांचे क्रमांक बदलले, त्याआधी हा १७ क्रमांकाचा होता. जुन्या कागदपत्रांत तोच सापडेल. महाराष्ट्रातला भाग सुमारे ४७० किमी: पळस्पे ते इंदापूर ८४, इंदापूर ते झाराप साधारण ३६६ आणि झाराप ते गोव्याच्या हद्दीवरचे पत्रादेवी २० च्या आसपास. (हे इंदापूर रायगड जिल्ह्यातले, माणगावच्या अलीकडचे.)

कोकणचा किनारा खाड्यांनी कापलेला आहे. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग. प्रत्येकीचे मुख रुंद, तळाशी गाळ आणि भरती-ओहोटीचा जोर. म्हणून रस्ता आत सरकला आणि नदी जिथे अरुंद होते तिथे ती ओलांडत गेला. भरतीचे पाणी जिथवर चढते तिथवर पूर्वी मचवे, पडाव अशी मालाची गलबते येत आणि घाटावरून उतरलेले बैलांचे तांडे तिथेच माल उतरवत. महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण ही गावे अशीच उभी राहिली. महामार्गाने याच जुन्या पेठा एका ओळीत जोडल्या. त्यामुळे तो किनाऱ्याला समांतर असला तरी बंदरांपासून बहुतेक ठिकाणी ३० ते ५० किमी आत आहे. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग वेगळा. त्यावरचे मोठ्या खाड्यांवरचे सगळे पूल अजून झालेले नाहीत, म्हणून दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला इथे अजून फेरीबोटीत गाडी चढवावी लागते. पर्यटकाला त्याची मजा वाटते, पण मालाच्या ट्रकचे वेळापत्रक फेरीबोटीच्या भरवशावर बांधता येत नाही.

आता व्यापाराकडे पाहा. या रस्त्यावरचा सगळा माल मुंबईहून गोव्याला किंवा गोव्याहून मुंबईला जातो, असा समज आहे. प्रत्यक्षात पुष्कळशी वाहतूक फाट्यापासून फाट्यापर्यंतची असते. बंदरातून किंवा वाडीतून माल पूर्वेला महामार्गावर येतो, त्यावरून वीस-पन्नास किलोमीटर सरकतो आणि एखाद्या घाटाने वर निघून जातो. उलट दिशेने कोल्हापूर, कराड, सांगलीकडून भाजीपाला, दूध, साखर, कांदा खाली उतरतो. महामार्ग हा कणा आणि घाट त्याच्या बरगड्या. म्हणून रस्त्याचा अंदाज घेताना किलोमीटरच्या दगडांपेक्षा फाटे पाठ असणे जास्त कामाचे.

वडखळला अलिबागचा फाटा. माणगावहून ताम्हिणीमार्गे पुणे. महाडहून वरंध, पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वर. चिपळूणला पूर्वेला कुंभार्लीमार्गे कराड, पश्चिमेला गुहागर. निवळीहून गणपतीपुळे आणि जयगड बंदर, हातखंब्याहून रत्नागिरी, पालीहून आंबा घाटाने कोल्हापूर. राजापूरला अणुस्कुरा. तळेऱ्याला एकीकडे वैभववाडी, करूळ, गगनबावडा तर दुसरीकडे विजयदुर्ग. नांदगावला देवगड-निपाणी रस्ता आडवा जातो, तोच फोंडा घाट. पुढे कसालहून मालवण, कुडाळहून वेंगुर्ला, सावंतवाडीहून आंबोली.

यांतले सगळे घाट ट्रकच्या कामाचे नाहीत. जड वाहतूक मुख्यतः कुंभार्ली, आंबा, करूळ आणि फोंडा या घाटांतून होते. वरंध पावसाळ्यात वारंवार बंद असतो. आंबेनळी अरुंद, वळणे तीव्र. अणुस्कुऱ्यात लांब ट्रेलर घालणे म्हणजे स्वतःहून अडकणे. करूळ घाट रुंदीकरणासाठी २०२४ मध्ये दीर्घकाळ बंद राहिला, तेव्हा त्याची वाहतूक फोंडा आणि भुईबावड्याकडे वळली आणि तिथले अंदाज कोलमडले. एक घाट बंद झाला की शेजारच्या दोन घाटांची वेळ वाढते. माल लावण्याआधी आपलाच घाट चालू आहे का एवढेच विचारून भागत नाही, शेजारच्यांचेही विचारावे.

वेळेचा अंदाज का चुकतो, याचे उत्तर सोपे आहे. काम सलग पूर्ण झालेले नाही. पळस्पे-इंदापूर टप्प्याचे काम २०११ च्या सुमारास सुरू झाले. सिंधुदुर्गातला भाग बराच आधी पूर्ण झाला, रायगड आणि रत्नागिरीतले तुकडे मागे राहिले. २०२५ च्या गणपतीपर्यंतही इंदापूर आणि माणगावचे वळणरस्ते (बायपास) अपुरे होते, त्यामुळे मागून चार पदरांवर येणारी वाहने बाजारपेठेतल्या दोन पदरांत कोंबली जातात. मोकळ्या काँक्रीटवर मिळवलेली अर्ध्या तासाची बचत माणगावच्या एका चौकात संपते. आरवली ते वाकेड हा पट्टाही असाच. संगमेश्वर, निवळी, हातखंबा, पाली, लांजा या ठिकाणी उड्डाणपूल आणि सेवारस्त्यांच्या कामामुळे गाडी उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे फिरवावी लागते. रात्री इथे खरा धोका असतो. पदर बदलल्याचे फलक धुळीने माखलेले असतात आणि समोरचा वाहनचालक आपल्याच पदरात येतो आहे हे शेवटच्या क्षणी कळते. दुभाजक संपून बॅरिकेड दिसले की समोरून वाहतूक येणार असे धरूनच वेग ४० च्या खाली आणावा.

आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. काँक्रीट जिथे संपते आणि जुने डांबर किंवा पुलाचा भराव सुरू होतो तिथे पायरी तयार झालेली असते. पूल खडकावर टेकलेला असतो, तो खचत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंचा मातीचा भराव मात्र दोन-तीन पावसाळे बसत राहतो. ८० च्या वेगात ही पायरी मोटारीला दणका देते. ट्रकमध्ये मात्र ती भरलेल्या मालाचे नुकसान करते, त्याबद्दल पुढे आंब्यात सांगतो.

घाटांत सर्वात मोठा फरक कशेडीत पडला आहे. पोलादपूर आणि खेड यांच्यामधला जुना घाट जड गाडीला पाऊण तासाच्या घरात घेई. साधारण दोन किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यांमुळे तेच अंतर काही मिनिटांवर आले. पहिला बोगदा २०२३ च्या गणपतीत हलक्या वाहनांसाठी खुला झाला. पावसाळ्यात आत पाणी झिरपते आणि दुरुस्तीसाठी कधी एकच बोगदा दुहेरी चालवला जातो, तेव्हा आत ओव्हरटेक अजिबात नको. चिपळूणच्या अलीकडच्या परशुराम घाटाची कथा वेगळी आहे. तिथे डोंगर उभा कापला आहे. कोकणात वर जांभा, खाली कुजलेल्या खडकाची मऊ चिकणमाती आणि त्याखाली काळा पाषाण अशी रचना बहुतेक ठिकाणी असते. जांभ्याच्या भेगांतून पाणी मुरते, चिकणमातीवर साचते आणि वरचा थर तिच्यावरून घसरतो. दरड मुसळधार पावसाच्या पहिल्या दिवशीच पडते असे नाही. सलग पाऊस मुरल्यानंतर, कधी कधी पाऊस थांबल्यावरही ती सुटते. रस्त्यावर ताजी लाल माती आणि मुठीएवढे दगड दिसले, किंवा कालपर्यंत स्वच्छ असलेल्या ओहोळात गढूळ पाणी आले, तर तिथे गाडी थांबवून फोटो काढत बसू नये. निघून जावे आणि ११२ वर कळवावे. १६ जुलै २०२४ ला याच महामार्गावर कर्नाटकात अंकोल्याजवळ शिरूरला दरड कोसळली, तिने रस्त्यालगत थांबलेली वाहने आणि माणसे नदीत लोटली. डोंगरकाप आणि नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत चहाला थांबू नये, ते यासाठी.

ट्रकचालकांसाठी उताराचे एकच सांगणे आहे, पण ते पाळले जात नाही. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापले की लायनर पकड सोडतात. त्यात सारखे पाय दाबून-सोडून एअर ब्रेकच्या टाकीतली हवा उतरत जाते आणि नेमक्या तळाच्या वळणावर पेडल पोकळ लागते. चढायला जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, वेग वाढला की एकदाच ब्रेक ठोकून सोडायचा, सारखा मारायचा नाही आणि दाबूनही ठेवायचा नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये लांज्याजवळ आंजणारीच्या पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळला, तेव्हा वायुगळतीच्या भीतीने वाहतूक दुसऱ्या दिवसापर्यंत बंद ठेवावी लागली. अशा वेळी हलक्या गाड्यांना लांजा-शिपोशी-दाभोळे-पाली हा वळसा उपयोगी पडतो. ट्रकने त्या रस्त्याला जाऊ नये.

नद्यांचा मुद्दा अजून राहिला. गावे भरतीच्या टोकाला वसली, म्हणून पूरही तिथेच येतो. डोंगरावरचे पाणी खाली येते आणि समुद्राला उधाण असेल तर त्याला खाडीत शिरायला जागा मिळत नाही. पाणी पेठेत आणि रस्त्यावर पसरते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड बुडाले तेव्हा अतिवृष्टी आणि भरती एकत्र आल्या होत्या. वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा जोडरस्ताही वाहून गेला. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल कोसळला आणि दोन एसटी व इतर वाहने पुरात गेली. पुढच्या पावसाळ्याआधी, जून २०१७ मध्ये, तिथे नवा पूल उभा राहिला. आता मुख्य नद्यांवर उंच पूल आहेत, पण गावांत जाणारे उतार, सेवारस्ते आणि बाजारपेठा बुडतातच. पावसाळ्यात निघताना हवामानाचा इशारा बघतो तसा भरतीचा तक्ताही बघावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण मोठे असते. लाल इशारा आणि मोठ्या भरतीची वेळ एकत्र येत असेल तर महाड, खेड, चिपळूण, राजापूर ही चार गावे त्या दोन-तीन तासांत गाठू नयेत. खेडला जगबुडीची धोका पातळी ७ मीटर आहे. त्या आकड्याच्या बातम्या स्थानिक वाहिन्यांवर तासातासाला येतात, त्यावर विश्वास ठेवावा.

आता आंबा. हापूसचा मोठा बाजार वाशीचा आणि तिथे माल पहाटे लागला पाहिजे. देवगड किंवा राजापूरच्या पट्ट्यातून भरलेला टेम्पो ताशी ३५ ते ४० किमी सरासरीने धरला तर ११-१२ तास लागतात, म्हणून गाडी दुपारी चार-पाचच्या आत महामार्गाला लागायला हवी. पहाटे चार ऐवजी सकाळी नऊला पोचलेल्या मालाला त्या दिवशीचे चांगले गिऱ्हाईक निघून गेलेले असते. तो माल दुसऱ्या दिवशीच्या भावात जातो, तोवर पेटीतला आंबा एक दिवस पुढे सरकलेला असतो.

लांबच्या बाजाराला आंबा १४ आणे (सोळापैकी चौदा भाग) तयार असताना झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवावा. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. काढणी सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर करावी, उन्हात तापलेले फळ थेट पेटीत भरू नये. ते सावलीत पसरून निवू द्यावे. आंबा श्वास घेत असतो, त्याला स्वतःची ऊब असते. तापलेले फळ, बंद पेटी, वरून ताडपत्री आणि त्यात माणगावला दोन तासांची कोंडी, एवढ्यात माल कोंदतो. पेट्या लावताना हौद्याच्या दोन्ही बाजूंना आणि मधोमध हवेची फट सोडा. ताडपत्री वर टाका पण पुढची आणि मागची बाजू मोकळी ठेवा, म्हणजे गाडी चालू असताना वारा आरपार जातो. मेच्या वळवाची भीती असेल तर ताडपत्रीखाली आडव्या काठ्या घालून ती पेट्यांपासून वर उचलून धरा. लाकडी पेटी असो वा पुठ्ठ्याची, सर्वात खालच्या थराला पेंढा जास्त हवा. वर सांगितलेली पुलाजवळची पायरी, वळणरस्त्यांवरचे खड्डे, गतिरोधक यांचा दणका खालच्या पेट्यांना बसतो. दबलेला आंबा वाशीत उतरवताना अगदी स्वच्छ दिसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आढीत, म्हणजे पेंढ्यात पिकायला ठेवल्यावर, त्याच जागी काळे पडते आणि व्यापारी म्हणतो, माल खराब होता. खराब वाहतूक होती हे तेव्हा सिद्ध करता येत नाही. म्हणून आरवली-वाकेड पट्ट्यात हळू जायला चालकाला बजावावे आणि त्यासाठी एक तास आधी निघावे.

ताजा आंबा आणि ताजी मासळी जीएसटीतून मुक्त आहे, त्यामुळे त्यांना ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी पोर्टलवर काढायचे बिल) लागत नाही. बिल किंवा चलन मात्र गाडीत असावे. आंब्याचा पल्प, काजूगर हे करपात्र आहेत. ई-वे बिलाला दर २०० किमीला एक दिवस मिळतो. दरड पडून गाडी अडकली तर मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत ती पोर्टलवर वाढवता येते, कारणात नैसर्गिक आपत्ती निवडावी. ही वेळ चुकली की दंडाचा वाद सुरू होतो.

मासळीचे गणित बर्फाचे. उन्हाळ्यात एक किलो मासळीला एक किलो बर्फ धरावा, आणि क्रेटमध्ये तळाला बर्फ, मग मासळी, मग पुन्हा बर्फ असे थर द्यावेत. कडेचा बर्फ आधी वितळतो, तिथे जाड थर हवा. बारा तासांहून लांबचा पल्ला असेल तर मधे बर्फ कुठे भरायचा ते निघण्यापूर्वी फोन करून ठरवावे, वाटेत शोधत बसू नये. इन्सुलेटेड गाडी घेणे आता जवळजवळ भागच आहे. गोव्याने २०१८ मध्ये मासळीत फॉर्मेलीन हे रसायन असल्याच्या प्रकरणानंतर बाहेरून येणाऱ्या मासळीला इन्सुलेटेड गाडी आणि नोंदणी सक्तीची केली आणि सिंधुदुर्गातल्या छोट्या व्यापाऱ्यांची त्या वेळी मोठी अडचण झाली. गाडीखाली पाणी साठवायची टाकी असावी आणि ते पाणी रस्त्यावर सोडू नये. मासळीचे तेलकट पाणी घाटाच्या वळणावर सांडले की मागून येणारा दुचाकीस्वार घसरतो, हे या रस्त्यावर वारंवार घडते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात या गाड्या कमी होतात आणि भाडे पडते.

रासायनिक मालाची वाहतूक नागोठणे, रोहा-धाटाव, महाड आणि लोटे-परशुराम या औद्योगिक पट्ट्यांशी बांधलेली आहे. लांब पल्ल्याच्या इतर मालासाठी कोकण रेल्वेची रो-रो सेवा हा चांगला पर्याय आहे. २६ जानेवारी १९९९ ला कोलाड ते वेर्णा अशी ती सुरू झाली, पुढे सुरतकलपर्यंत गेली. ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणीवर चढतो, चालक विश्रांती घेतो, डिझेल आणि टायर वाचतात. पावसाळ्यात लांब पल्ल्याच्या मालाला मी पहिली पसंती तिलाच देईन. फक्त ट्रकची उंची आणि वजन मर्यादेत आहे ना, हे भरण्याआधी मोजून घ्यावे. कोलाडला पोचून माल उतरवावा लागला तर सगळा फायदा जातो.

गोव्याच्या पुढे दोनच गोष्टी. झुआरीवरचा नवा केबलचा पूल २०२२-२३ मध्ये दोन टप्प्यांत खुला झाल्याने मडगाव-पणजी रस्त्यावरची जुनी अडचण सुटली. कारवारला काळी नदीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ ला ट्रकसह कोसळला. तिथली सगळी वाहतूक नव्या पुलावर आहे.

गणपतीसाठी: दरवर्षी सणाच्या दिवसांत १६ टन आणि त्याहून जड वाहनांना या महामार्गावर ठरावीक तारखांना बंदी येते. दूध, इंधन, गॅस, औषधे, भाजीपाला यांना सूट असते. तारखा परिपत्रकात येतात आणि दोन्ही बाजूंच्या, म्हणजे जाण्याच्या आणि परतीच्या, वेगळ्या असतात, त्या पाहूनच गाडी भरावी. चाकरमान्यांच्या गाड्यांना टोलमाफीचा पास आरटीओ किंवा पोलिसांकडून मिळतो, तो निघण्याआधी काढून काचेवर लावावा. चिपळूणच्या पुढे जायचे असेल आणि माणगावची कोंडी टाळायची असेल तर द्रुतगतीने पुणे, सातारा करून कराडहून कुंभार्ली, रत्नागिरी-राजापूरसाठी कोल्हापूरहून आंबा घाट, कणकवलीसाठी गगनबावडा किंवा फोंडा. अंतर वाढते, टोल लागतो, पण वेळ सांगता येतो. मात्र सातारा-कोल्हापूर रस्त्यावरही सहापदरीकरणाचे अडथळे आहेत, म्हणून एरवीच्या दिवसांत हा वळसा घेऊ नये. पावसाळी रात्री कोरड्या, उबदार रस्त्यावर गुरे बसतात, विशेषतः उड्डाणपुलाखाली आणि बसथांब्यांजवळ. अपघात झाला तर १०८ किंवा महामार्गाचा १०३३ लावावा. नाणीजच्या संस्थानाच्या मोफत रुग्णवाहिकाही या महामार्गावर ठिकठिकाणी उभ्या असतात, जवळच्या हॉटेलवाल्याकडे त्यांचा क्रमांक हमखास मिळतो. मदत मागताना गावापेक्षा किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि गाडीचे तोंड मुंबईकडे की गोव्याकडे ते आधी सांगावे, कारण दुभाजकामुळे रुग्णवाहिकेला चुकीच्या बाजूने आल्यास पुढच्या कटपर्यंत जाऊन वळावे लागते.